कॅन्सरच्या ट्रीटमेंटमधला व्यायाम (बेळगाव सीमाभाग)

किमो, रेडिएशन (गावात कोणी लाईट म्हणतं, कोणी शेक), ऑपरेशन आणि हॉर्मोनच्या गोळ्या यांच्यामुळं अंगाला जे त्रास लागतात ते कमी करायला डॉक्टर आणि फिजिओला (फिजिओथेरपिस्टला, म्हणजे व्यायाम शिकवणाऱ्याला) विचारून जो ठरवून व्यायाम करतात, त्याची ही नोंद. औषध सोडून चालायला लागा असं यात कुठंच नाही. औषध झेपावं, आणि झेपल्यावर माणूस परत कामाधंद्याला लागावा, एवढ्यासाठी हा व्यायाम.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात पेशंट किमो घेऊन घरी आला की सोप्यात कॉट पडते आणि जो येईल तो एकच सांगतो, "गप निजून राहा की, कशाला उठतोस". पाव्हणे शहाळं घेऊन येतात आणि तेच सांगून जातात. मायेनंच सांगतात, पण नुकसान इथंच होतं. कारण कॅन्सरचा थकवा हा भांगलण करून आल्यावर येतो तसला थकवा नसतो, तो झोपून जात नाही. उलट पडून राहिलं की मांड्या-पोटऱ्यांचं मांस झडतं, मग संडासला जाऊन आलं तरी धाप लागते, धाप लागते म्हणून अजून पडून राहायचं, असं ते चक्र. अर्थात थकव्यामागं रक्त कमी असणं, थायरॉइड, झोप न लागणं अशी कारणंपण असतात, ती आधी तपासून घ्यायची. ती नीट करूनही जो थकवा उरतो त्यावर चालण्यासारखा दुसरा उपाय क्वचितच सापडेल, असं आता बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय.

किती करायचं याचं मापपण ठरलेलं आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिननं २०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांना बसवून जे काढलं ते असं: आठवड्यातून ३ दिवस ३० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम, आणि २ दिवस ताकदीचा व्यायाम, म्हणजे वजन उचलणं, रबरी पट्टा ओढणं, खुर्चीतून उठबस. हे ८ ते १२ आठवडे केलं तर थकवा, चिंता, उदासपणा आणि रोजची कामं करायची ताकद यात फरक पडतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेनंही, बरं करायच्या हेतूनं ट्रीटमेंट चालू असतानाच व्यायाम सांगा असं आपल्या सूचनांत घातलं. मध्यम जोर म्हणजे काय, तर चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही एवढा. अर्धा तास एकदम झेपत नसेल तर १० मिनिटं तीनदा, तेही नाही तर ५ मिनिटं. बेळगावात व्हॅक्सिन डेपोचं मैदान नाहीतर किल्ला तलावाची बाजू चालायला बरी, पण खानापूरकडचा पाऊस एकदा लागला की कोण बाहेर पडणार? तेव्हा सोप्यापासून परड्याच्या दारापर्यंत फेऱ्या मारायच्या. आमच्या गल्लीतल्या एका काकू दर फेरीला वाटीत एक शेंगदाणा टाकायच्या, वाटीत चाळीस झाले की बास, आणि नातू मधनंच दोन उचलून खायचा म्हणून काकूंच्या फेऱ्या वाढायच्या.

आता आपल्या भागापुरतं सगळ्यात महत्त्वाचं, तोंडाचा व्यायाम. निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ, १९८१ चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन इथलंच, आणि गुटखा, मावा, बायकांची मिश्री हे तर घराघरातलं. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि रेडिएशन झालं की जबड्याचे स्नायू आखडतात आणि तोंड उघडेनासं होतं. उभी ३ बोटं दातांच्या मधे जातात काय बघायचं, ही घरातली तपासणी. मोजपट्टीनं म्हटलं तर ३५ मिलिमीटरच्या खाली आलं की डॉक्टर त्याला जबडा आखडला असं धरतात. तोंड उघडत नाही म्हणजे भाकरी तर सोडाच, दात घासता येत नाहीत, दंतडॉक्टरला आत बघता येत नाही, आणि आत परत काय उगवलं तर तेही दिसत नाही.

यावर मशीनं मिळतात, पण बऱ्याच ठिकाणी फिजिओ आईस्क्रीमच्या लाकडी काड्याच वापरायला सांगतात. एकावर एक रचलेल्या काड्या दाढांच्या मधे बसतील तेवढ्या घालायच्या, थोडा वेळ तसंच धरायचं, मग त्यांच्या मधनं अजून एक काडी हळूच सरकवायची. एक काडी साधारण दीड-दोन मिलिमीटरची, म्हणजे आठवड्यात एक काडी वाढली तरी ती कमाईच. ताण बसला पाहिजे, कळ नाही. दिवसातनं बऱ्याच वेळा थोडं थोडं करायचं असतं आणि रेडिएशन संपलं म्हणून सोडायचं नसतं, कारण आतली कातडी आणि स्नायू कडक व्हायचं काम नंतर महिनोन्महिने, कधी वर्षंपण चालू राहतं. लोक नेमकं इथंच सोडतात. टाके ओले असताना मात्र सर्जननं सांगितल्याशिवाय सुरू करायचं नाही. गिळायचे व्यायामपण असतात, घशाला काम दिलं नाही तर तो गिळणं विसरतो, म्हणून जेवणाची नळी असली तरी डॉक्टर चालेल म्हणतील तेवढं तोंडानं गिळत राहायचं. आणि मानेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा खांदा पडतो, हात वर जात नाही, त्याला भिंतीवर बोटं चढवत नेणं आणि हळूहळू वजन वाढवणं हाच मार्ग.

स्तनाच्या कॅन्सरनंतर काखेतल्या गाठी काढलेल्या बायकांना "त्या हातानं आयुष्यभर काही उचलू नको" असं सांगायची पद्धत होती, अजून काही जण सांगतात. २००९ मध्ये अमेरिकेत हातावर सूज असलेल्या १४१ बायकांवर अभ्यास झाला, निम्म्यांना बेतानं वजन उचलायला लावलं, तर सूज वाढली नाही, उलट सुजेचे अटॅक कमी आले. म्हणजे पहिल्याच दिवशी भरलेली घागर असं नव्हे. एक लिटरची पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, तिथनं किंवा त्याच्याही खालनं सुरू करायचं, वाढवताना थोडं थोडं, हात जड वाटला की मागं यायचं, आणि सूज आधीच असेल तर हाताला दाब देणारी घट्ट बाही घालूनच.

पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झालिप्लॅटिन, व्हिंक्रिस्टिन अशा किमोच्या औषधांनी तळव्यांना मुंग्या येतात, पाय कापसावर ठेवल्यासारखा वाटतो. अशा माणसानं अनवाणी रानात जायचं नाही, काटा रुतला तर कळतच नाही, रोज रात्री तळवे बघायचे. व्यायाम म्हणजे दाराची चौकट धरून एका पायावर उभं राहणं, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालणं. ओल्या फरशीवर नको.

कधी करायचं नाही हे तेवढंच पक्कं पाहिजे. ताप १००.४ च्या वर गेला तर व्यायाम नाही, सरळ डॉक्टरला फोन, कारण किमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात. प्लेटलेट खूप कमी, हिमोग्लोबिन खूप कमी, छातीत दुखणं, चक्कर, एका पायावर अचानक सूज, सतत उलट्या, अशात थांबायचं. हाडात पसरलेला कॅन्सर असेल तर वाकून वजन उचलणं, कंबर पिळणं डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, हाड मोडू शकतं.

व्यायामानं फक्त त्रास कमी होतो की आयुष्यपण वाढतं, हा वाद बरीच वर्षं होता. २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ पेशंटांचा अभ्यास आला, बहुतेक कॅनडा-ऑस्ट्रेलियातले, ऑपरेशन आणि किमो संपलेले. ज्यांना ३ वर्षं व्यायामाच्या सल्लागारानं मागं लागून व्यायाम करायला लावला त्यांच्यातले ८०.३ टक्के ५ वर्षांनी आजाराशिवाय होते, नुसतं माहितीपत्रक दिलेल्यांतले ७३.९ टक्के. मागं लागून हा शब्द यात महत्त्वाचा.

आपल्याकडं मागं लागणारं कोणी नसतं ही खरी अडचण. पेशंट बेळगावात, मिरजेला, कोल्हापूरला, हुबळीला नाहीतर थेट मुंबईला टाटाला जातात, ऑपरेशन तिकडं आणि उरलेलं सगळं घरात. आमच्या काकूंना एका हॉस्पिटलमधनं व्यायामाचा कागद मिळाला तो कन्नड आणि इंग्रजीत, दोन्ही त्यांना वाचता येत नव्हतं, शेवटी सुनेनं फिजिओला फोन लावून एकेक व्यायाम विचारला आणि कॅलेंडरच्या पाठीवर मराठीत लिहून फ्रिजला चिकटवला. त्याच्याच खाली काड्यांचा हिशोब होता, पहिल्या दिवशी ९, पावसाळा संपताना १६.