डब्यातला हिरवा थर: मेटारायझियम की ट्रायकोडर्मा?

भुंग्यांच्या अळ्या वाढवायच्या मातीवर हिरवी बुरशी दिसली की डबा रिकामा करायची घाई होते. ती मेटारायझियम असेल तर घाई रास्तच: तिचे बीजाणू अळीच्या त्वचेला चिकटतात, आत शिरतात आणि अळी मरते. ट्रायकोडर्मा मात्र कुजके लाकूड आणि इतर बुरशांवर जगते. धडधाकट अळीच्या वाटेला ती सहसा जात नाही. नुसत्या रंगावरून दोघी ओळखू येत नाहीत.

मेलेल्या अळीवरून जास्त कळते. मेटारायझियमने मेलेली अळी कडक होते, तिच्यावर आधी पांढरी बुरशी येते, मग ती हिरवी पडते. मऊ होऊन कुजलेल्या अळीवरचा हिरवा थर बहुधा नंतरचा. आगरवर (बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर) ट्रायकोडर्मा तीन-चार दिवसांत अख्खी प्लेट व्यापते. मेटारायझियमला बीजाणू धरायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून साध्या माध्यमावर ती दडपली जाते. डोडिन किंवा सीटॅब ही इतर बुरशांना रोखणारी रसायने घातलेले निवडक माध्यमच घ्या.

पीसीआरमध्ये (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढून बुरशी शोधायच्या चाचणीत) खरी गोची मातीची असते. एका वेळी जेमतेम 0.25 ग्रॅम माती घेतली जाते, तेव्हा डब्यातल्या पाच-सहा जागांची माती नीट मिसळून त्यातले दोन-तीन नमुने लावा. बीजाणूंचे कवच चिवट. मण्यांसोबत जोरात घुसळल्याशिवाय फुटत नाही. त्यात कुजक्या लाकडातले ह्युमिक आम्ल प्रती काढणाऱ्या पॉलिमरेज या विकराला अडवते. काढलेला डीएनए तपकिरी दिसला तर तिथेच सावध व्हा. ‘आढळली नाही’ या निकालावर विश्वास ठेवण्याआधी त्याच नमुन्यात थोडा माहीत असलेला डीएनए घालून अभिक्रिया चालते का बघा. नाही चालली, तर नमुना 10 पट पातळ करा किंवा बीएसए (अडथळा आणणारे पदार्थ बांधून ठेवणारे प्रथिन) घाला.

सगळ्या बुरशांना लागू पडणारे आयटीएस (बुरशी ओळखायला वापरायचा डीएनएचा भाग) प्राइमर, म्हणजे प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, थेट मातीवर लावून सँगर सिक्वेन्सिंग (एका वेळी एकाच डीएनएचा क्रम वाचायची पद्धत) केले, तर दोघींचे (आणि आणखी डझनभर बुरशांचे) वाचन एकमेकांत मिसळते. त्यासाठी एक तर शुद्ध वाढवलेली बुरशी घ्या, नाहीतर मेटारायझियमपुरते प्राइमर. आयटीएसवरून वंश कळतो. अ‍ॅनिसोप्ली, ब्रुनियम, रॉबर्ट्सी अशा मेटारायझियमच्या जवळच्या प्रजाती वेगळ्या काढायला टीईएफ जनुक लागते.

वाफवलेल्या मातीतही मेलेल्या बुरशीचा डीएनए उरू शकतो आणि पीसीआर ‘आहे’ म्हणते. ती जिवंत आहे का हे बघायला त्या ओलसर मातीत मेणकिड्याच्या अळ्या सोडा, पहिले काही दिवस डबा रोज उलटा करा आणि दोन आठवडे लक्ष ठेवा.