गेटवर रडणारं पोरगं आणि गप बसलेलं पोरगं: डिले की सेपरेशन अँग्झायटी, या गोंधळाची पार्श्वभूमी

जूनमध्ये आमच्या बालवाडीच्या गेटवर काय चालतं ते कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत कुणाला वेगळं सांगायला नको. पोरं गजाला धरून लोंबकळतात, बाहेर आज्जी पदरानं डोळे पुसत उभी, आई स्कूटरवरनं उतरायलाच घाबरते, आणि मी आतनं एकेकाची बोटं सोडवत असते. १४ वर्षं झाली या कामाला. त्या गर्दीत दरवर्षी एखादी आई बाजूला घेऊन विचारतेच, "बाई, ह्याचं काय वेगळं तर नाही न्हवं? तीन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नाही, आणि मला सोडून क्षणभर राहत नाही." हल्ली मोबाईलवर शोधून आलेल्या असतात त्यामुळं शब्दही तयार असतात, डेव्हलपमेंटल डिले, म्हणजे वाढीतला उशीर, का सेपरेशन अँग्झायटी, म्हणजे आईपासनं दूर व्हायची भीती. जणू दोन्हीपैकी एक कायतरी असणारच.

गंमत म्हणजे हे दोन शब्द वाढलेत पार वेगळ्या घरात. एक आला रडणाऱ्या पोरांकडं बघणाऱ्यांकडनं आणि दुसरा पोरांना मोजणाऱ्यांकडनं, आणि बरीच वर्षं दोघांची एकमेकांशी फारशी ओळख नव्हती.

रडणाऱ्यांची गोष्ट आधी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये लहान मूल दवाखान्यात ॲडमिट झालं की आईबापाला भेटायची परवानगी फार थोडी, काही ठिकाणी आठवड्यातनं एकदा. का तर आई आली की पोरगं रडतं आणि वॉर्डची शिस्त बिघडते. जेम्स रॉबर्टसन नावाचा माणूस, जो युद्धात मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या ॲना फ्रॉइडच्या पाळणाघरात बॉयलर सांभाळायचा (हे मला फार आवडतं, बॉयलरवाल्याला जे दिसलं ते डॉक्टरांना दिसलं नाही), त्यानं १९५२ मध्ये एक फिल्म केली. दोन वर्षांची लॉरा, बेंबीजवळच्या हर्नियाचं ऑपरेशन, दवाखान्यात ८ दिवस. ती पोरगी फारशी रडत नाही, शहाण्यासारखी बसते, मधेच हळू आवाजात आई कुठाय विचारते आणि शेवटी शेवटी आई आली तरी तोंड फिरवते. नर्स लोकांना वाटायचं, रुळली. रॉबर्टसनचं म्हणणं, रुळली नाही, आशा सोडली. आधी आकांत, मग उदासी, मग तुटलेपण, अशा पायऱ्या त्यानं सांगितल्या. डॉक्टर लोक भडकले म्हणे, पण १९५९ ला तिथल्या सरकारी प्लॅट समितीनं आईबापांना भेटायची मोकळीक द्या असं लिहूनच टाकलं. त्याचा साहेब जॉन बोल्बी, ज्यानं १९५१ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेसाठी आईपासून तुटलेल्या मुलांवर रिपोर्ट लिहिला होता, त्यानं पुढं यावर आई-मुलाच्या नात्याचा सगळा सिद्धांत उभा केला.

बोल्बीबरोबर काम केलेली मेरी एन्सवर्थ, ती आधी युगांडात गेली, १९५४-५५ मध्ये कंपालाजवळच्या खेड्यातल्या आया आणि तान्ही पोरं बघत बसली, आणि मग अमेरिकेत बाल्टिमोरला तिनं साधारण २० मिनिटांचा एक प्रयोग बसवला. अनोळखी खोली, खेळणी, आई बाहेर जाते, परत येते. सगळ्यांना वाटतं की बघायचं काय तर पोरगं किती रडतं ते. एन्सवर्थचं खरं लक्ष होतं आई परत आल्यावर ते काय करतं त्यावर. धावत येतं का, कडेवर गप होतं का, का आईकडं पाठ करून खेळण्यातच बसतं. आमच्यासारख्यांच्या दृष्टीनं या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सगळ्यात कामाची आहे, आणि आम्ही नेमकं सकाळी साडेनऊचं रडणं बघतो, बारा वाजता गेट उघडतं तेव्हा आमची भांडी आवरायची घाई असते.

मोजणाऱ्यांची गोष्ट थोडक्यात. अमेरिकेत येलला अर्नोल्ड गेझेलनं १९११ मध्ये क्लिनिक काढलं, पोरांना फिल्मवर टिपून कुठल्या महिन्यात काय येतं त्याचे तक्ते केले. १९६७ ला तिथल्याच डेन्व्हर शहरातनं पोरांची वाढ तपासायची डेन्व्हर टेस्ट आली, १,०३६ मुलांवरनं बसवलेली, १०५ गोष्टी बघायच्या. पण ती डेन्व्हरची पोरं! आपल्याकडं बडोद्यात प्रमिला फाटक यांनी बेली स्केल ही वाढ मोजायची परदेशी पट्टी आपल्या पोरांवर पडताळून वेगळी मोजपट्टी केली, जन्मापासून अडीच वर्षापर्यंतची, ६७ गोष्टी हालचालीच्या आणि १६३ बुद्धीच्या, ती अजून वापरतात. तिरुअनंतपुरमला १९९१ मध्ये फक्त १७ गोष्टींचा चार्ट झाला, जो आरोग्यसेविकेलाही भरता येतो.

मधे एक वाईट वळण आलं ते ऑटिझममुळं. बाल्टिमोरलाच, एन्सवर्थ जिथं पुढं शिकवायला आली त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये, लिओ कॅनरनं १९४३ ला ११ मुलांवर लेख लिहिला, स्वतःतच असणारी पोरं. मग कुणीतरी हळूच त्याचं खापर आईवर फोडलं, थंड आई, फ्रीजसारखी. म्हणजे जो उशीर मेंदूच्या वाढीतला होता त्याला नात्यातला बिघाड ठरवलं, गोंधळाचं इतकं महागडं उदाहरण दुसरं नसेल. बर्नार्ड रिमलंड, ज्याचा स्वतःचा मुलगा असा होता, त्यानं १९६४ मध्ये हे खोडून काढलं, तरी आयांवरचा तो डाग लवकर गेला नाही. १९८४ ला सिगमन आणि उंगेरर या दोघींनी दाखवलं की ऑटिझम असलेली पोरंही आई गेली की अस्वस्थ होतात, आली की जवळ जातात. म्हणजे आईला चिकटतंय म्हणून ऑटिझम नाही, असं म्हणायची सोय गेली.

आणि दोन्ही घरांची सोयरीक जुळली ती निदानाच्या पुस्तकात. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत सेपरेशन अँग्झायटी हा आजार म्हणून आला, पण त्या यादीची १९९४ ची आवृत्ती बघा, त्रास किमान ४ आठवडे टिकलेला, आणि भीती त्या मुलाच्या विकासाच्या मानानं जास्त असली पाहिजे. विकासाच्या मानानं! म्हणजे आधी विकास कुठंवर आलाय ते कळल्याशिवाय भीती जास्त आहे का ते ठरवताच येत नाही. आठव्या महिन्याच्या आसपास हे रडणं सुरू होतं, दीड वर्षापर्यंत जोरात असतं, तीनपर्यंत उतरतं. चार वर्षांचं पोरगं जर समजुतीनं दीड वर्षाचं असेल तर त्याचं चिकटणं त्याच्या हिशोबानं बरोबरच आहे की.

आपल्याकडं मात्र दोन्हीवर एकच औषध होतं, थांबा. बोलत नाही? वेखंड उगाळून जिभेला लावा, बाप पण चार वर्षं मुका होता. रडतंय? आज्जीनं लाडावलंय. शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीचं मोफत शिक्षण आणलं तरी ते शाळेच्या वयापासनं, त्याच्या आतलं पोर घरचंच. २ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाडी योजना सुरू झाली, पण तिथं वजनकाटा होता, बोलणं कोण मोजणार. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हताच, २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारांत आला. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी अंगणवाडीत वर्षातनं दोनदा येते, त्यात विकासातला उशीरही बघतात, पुढं जिल्ह्याच्या केंद्राला पाठवतात. गाडी येते त्या दिवशी पोरगं मामाच्या गावाला असलं तर गेलं सहा महिने.

माझी चूक सांगते. काही वर्षांमागं एकाच आठवड्यात दोन पोरं आली. एकाचं रडणं पार रंकाळ्यापर्यंत जावं असं, तीन आठवडे, ओकारीपर्यंत. पण रडता रडता गेटकडं बोट दाखवायचं, माझ्या तोंडाकडं बघायचं, "आई स्कूटर गेली" म्हणायचं, आणि आई आली की हात धरून तिला मातीचा लाडू दाखवायला न्यायचं. दुसरं पहिल्या दिवसापासनं गप. चप्पल काढून थेट नळाखाली, धार बघत. हाक मारली तर वळायचं नाही. आई आली तरी नळाकडंच. मी त्याच्या आईला म्हटलं, काय शहाणं पोरगं हो तुमचं. आणि पहिल्याच्या आईला डॉक्टरकडं जायला सांगितलं.

दुसऱ्याची कानाची तपासणी झाली तेव्हा पावणेचार वर्षं झाली होती. कान चांगले निघाले, उशीर दुसराच होता. तेव्हापासनं मी गेटवरच्या आईला रडण्याबद्दल शेवटी विचारते. आधी विचारते, घरात तुम्ही सगळी समोर असताना काय बोलतो, काय बोट करून दाखवतो, हाकेला वळतो का, आधी येणारा एखादा शब्द गेलाय का. आणि बाराच्या आधी पाच मिनिटं भांडी तशीच टाकून गेटवर जाऊन उभी राहते.