फुल बॉडी व्यायामक्रम

स्नायू वाढवण्यासाठी शरीराच्या सर्व मोठ्या स्नायूंना एकाच दिवशी वजनाचा व्यायाम देण्याची आणि तो आठवड्यातून दोन-तीनदा करण्याची पद्धत. व्यायामशाळांमध्ये ‘सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक’ अशी वाटणी जास्त रूढ आहे. तिला स्प्लिट म्हणतात. नवशिक्याने मात्र पहिले सहा महिने तरी फुल बॉडीच करावे.

सांगली-साताऱ्याला ही कल्पना नवी नाही. तालमीतला पोरगा छातीला एक वार आणि मांड्यांना दुसरा वार राखून ठेवत नाही. जोर मारले की छाती, खांदे आणि दंडाची मागची बाजू कामाला लागते, बैठकांनी मांड्या भरतात, खोऱ्याने हौद्यातली लाल माती उकरताना पाठ-कंबर घट्ट होते, दोर चढताना पाठीचे पंख आणि मनगटे. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव आणि कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने याच कुस्तीच्या मुलखातले. तालमीत मेहनत वाढते ती मुख्यतः संख्येने: पन्नास जोरांचे शंभर, शंभराचे पाचशे. त्याने दमसास भक्कम होतो. स्नायूंचा आकार वाढवायला मात्र सेटची, म्हणजे न थांबता केलेल्या आवर्तनांच्या एका फेरीची, शेवटची आवर्तने जड जायला हवीत, आणि हलक्या भाराने तिथवर पोहोचायला फार वेळ जातो. बारबेलचा, म्हणजे दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेटा लावलेल्या लांब दांड्याचा, खरा उपयोग इथे आहे, कारण भार मोजून वाढवता येतो.

क्रम बसवताना स्नायूंची नावे घेण्यापेक्षा हालचाली धराव्यात. गुडघ्यात वाकून बसणे, कमरेतून वाकून उचलणे, समोर ढकलणे, डोक्यावर ढकलणे आणि ओढणे, एवढ्यांत जवळजवळ सारे शरीर येते. दोन दिवसांची जोडी लावावी. पहिल्या दिवशी स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक), बेंच प्रेस (बाकावर उताणे पडून बार वर ढकलणे) आणि बारबेल रोइंग (कमरेत वाकून बार पोटाकडे ओढणे). दुसऱ्या दिवशी रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून कमरेतून बार उचलणे), शोल्डर प्रेस (बार डोक्यावर ढकलणे), लॅट पुलडाऊन (यंत्राचा दांडा वरून छातीकडे ओढणे) आणि जोडीला लंजेस (एक पाय पुढे टाकून खाली बसणे) व जोर. सोमवार, बुधवार, शुक्रवारी या दोन दिवसांचे व्यायाम आलटून-पालटून घ्यावेत. प्रत्येक प्रकाराचे तीन सेट केले तर छातीला आठवड्याला नऊ सेट मिळतात, आणि सुरुवातीला तेवढे पुरेसे आहेत. बायसेप, पोटऱ्या, पोट यांना शेवटची दहा मिनिटे द्यावीत. आरशासमोर दंड फुगवायला सुरुवातीलाच अर्धा तास घालवला तर स्क्वॉटला जीव उरत नाही.

मधला रिकामा दिवस आळसाचा नव्हे. व्यायामानंतर स्नायूंतील प्रथिनांची बांधणी वाढते, ती साधारण एक-दोन दिवस वाढलेली राहते आणि मग ओसरते. आठवड्यातून एकदाच छाती मारणाऱ्याचे पुढचे चार-पाच दिवस म्हणूनच रिकामे जातात. दुसरा फायदा इथल्या जगण्याशी बांधलेला आहे. तासगावकडे ऑक्टोबरची द्राक्षछाटणी सुरू झाली की बागायतदाराच्या पोराचा दिवस बागेतच मोडतो. कुपवाड एमआयडीसीत शिफ्ट बदलते. स्प्लिटमध्ये चुकलेला लेग्जचा वार थेट पुढच्या आठवड्यावर जातो. फुल बॉडीत एक दिवस चुकला तरी दोन दिवसांनी सगळ्या शरीराला पुन्हा काम मिळते.

भार वाढवण्याचा नियम साधा. ज्या वजनाने एका सेटमध्ये ८ ते १२ आवर्तने निघतात, ते निवडावे. आणखी दोन निघतील असे वाटत असतानाच सेट थांबवावा. तिन्ही सेटमध्ये १२ आली की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवायचे, म्हणजे बारच्या दोन्ही टोकांना सव्वा किलोची एकेक प्लेट. मोठ्या ऑलिंपिक बारचेच वजन २० किलो असते. ते धरून वहीत नोंद करावी. वही नसेल तर प्रगती नुसती वाटते, असते की नाही ते कळत नाही. जड प्रकारांत एक सेट संपल्यावर पुढच्या सेटआधी दोन-तीन मिनिटे विश्रांती घ्यावी. भार क्रमाने वाढवण्याच्या या पद्धतीला १९४० च्या दशकात अमेरिकी लष्करातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांवर उपचार करताना शास्त्रीय रूप दिले.

सांगलीत वजन उचलणे म्हटले की २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक जिंकणारा संकेत सरगर आठवतो. तो खेळ वेगळा. तिथे स्नॅच (बार एका झटक्यात डोक्यावर नेणे) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर नेणे) या दोनच प्रकारांत जास्तीत जास्त वजन उचलायचे असते. स्नायू वाढवणाऱ्याने त्याची नक्कल करू नये.

खुराकात तालमीची परंपरा दूध, तूप आणि बदामाची थंडाई यांवर भर देते. त्यातून ताकदीला लागणारी ऊर्जा भरपूर मिळते, प्रथिने मात्र मोजावी लागतात. शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या मुलाला ९६ ग्रॅम. चार अंडी, अर्धा लिटर दूध, मूठभर शेंगदाणे आणि पन्नास ग्रॅम सोया चंक्स यांतून सुमारे ७५ ग्रॅम होतात. उरलेली डाळ, मटकीची उसळ आणि भाकरीतून भरून निघतात. प्रोटीन पावडरच्या महागड्या डब्याशिवाय हे जमते. त्यासोबत सात-आठ तासांची झोप हवी.

वजने वाढून सत्र दीड तासावर जाऊ लागले आणि शेवटचे प्रकार ओढून-ताणून होऊ लागले, की कमरेवरचे व कमरेखालचे शरीर असे दोन भाग करून आठवड्यातून चार दिवसांचा क्रम घ्यावा.