‘पेपर्स, प्लीज’मधील आर्स्टोट्झकात प्रवेश: पात्रता, कागदपत्रे आणि तपासणी

लुकस पोप यांनी तयार केलेला ‘पेपर्स, प्लीज’ हा गेम ८ ऑगस्ट २०१३ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात खेळाडू नोव्हेंबर १९८२ मध्ये आर्स्टोट्झका या काल्पनिक देशाच्या ग्रेस्टिन नाक्यावर तपासनीस म्हणून रुजू होतो. शेजारच्या कोलेचिया या देशाशी सहा वर्षे चाललेले युद्ध नुकतेच संपलेले असते आणि प्रवेशाचे नियम जवळजवळ रोज बदलत असतात. त्यामुळे अर्जदार पात्र आहे की नाही, हे तो कोणत्या दिवशी खिडकीपाशी आला यावर ठरते.

पहिल्या दिवशी फक्त आर्स्टोट्झकाच्या नागरिकांना प्रवेश असतो. दुसऱ्या दिवशी वैध पासपोर्ट असलेल्या परदेशी नागरिकांनाही सोडले जाते, परंतु त्याच दिवशी नाक्यावर हल्ला होतो आणि तिसऱ्या दिवसापासून परदेशी व्यक्तीला त्या तारखेचे प्रवेश तिकीट दाखवावे लागते. लवकरच तिकिटाची जागा प्रवेश परवाना घेतो आणि नागरिकांना पासपोर्टसोबत ओळखपत्र बंधनकारक होते. पुढे परदेशी व्यक्तींसाठी उंची, वजन आणि अंगठ्याचा ठसा असलेले पूरक ओळखपत्र येते, आणि शेवटच्या टप्प्यात परवाना व पूरक ओळखपत्र या दोहोंऐवजी एकच नवा परवाना लागू होतो. कामासाठी येणाऱ्याला याशिवाय कामाचा पास लागतो, तर परवान्याऐवजी राजनैतिक अधिकाऱ्याला अधिकारपत्र आणि आश्रय मागणाऱ्याला आश्रय मंजुरीचा कागद लागतो. एखाद्या देशाच्या सर्वच नागरिकांना काही काळ सरसकट नाकारण्याचेही आदेश येतात, म्हणून दिवसाचे पत्रक वाचल्याशिवाय पहिल्या अर्जदाराला बोलावू नये.

कागद हजर आहेत एवढे पुरत नाही; ते एकमेकांशी जुळले पाहिजेत. परवान्यावरील नाव आणि पासपोर्ट क्रमांक अक्षरशः तोच असावा, मुदत संपलेली नसावी, आणि अर्जदाराने तोंडी सांगितलेले कारण व मुक्कामाचा काळ लेखी नोंदीशी मिळता असावा. कामाच्या पासची अखेरची तारीख परवान्यावरील मुक्कामाला पुरेशी आहे का, हेही पाहावे. नवख्याची फसगत बहुधा पासपोर्ट जारी करणाऱ्या शहरापाशी होते: ग्लोरियन हे शहर अँटेग्रियाचे आहे, तर ट्रू ग्लोरियन रिपब्लियाचे. घाईत दोन्ही सारखीच वाटतात, म्हणून नियमपुस्तिकेतील त्या देशाचे पान उघडून नाव पूर्ण वाचावे. अधिकारपत्रावर तर कधीकधी शिक्का अस्सल असूनही, परवानगी दिलेल्या देशांच्या यादीत आर्स्टोट्झकाचे नावच नसते.

तफावत आढळल्यास लगेच नकार देऊ नये. गेममधील तपासणीची सोय चालू करून दोन विसंगत नोंदी एकमेकींशी जोडाव्यात आणि प्रश्न विचारावा. नावात फरक असेल तर बोटांचे ठसे घेऊन दुसरे नाव नोंदीत आहे का ते पाहता येते. वजन जुळत नसेल तर झडती घेता येते आणि लपवलेला माल किंवा शस्त्र तेथेच सापडते. नोंदींनी खुलासा झाल्यास अर्जदाराचा हक्क अबाधित राहतो, आणि काटेकोर तपासनीसाची खरी कसोटी मला येथे दिसते.

प्रत्येक योग्य निकालामागे ५ क्रेडिट मिळतात आणि त्यातूनच भाडे, अन्न व उष्णता यांचा खर्च भागवून घर चालवायचे असते. दिवसातील पहिल्या दोन चुकांना केवळ लेखी समज मिळते, तिसरीपासून दंड सुरू होतो. ही तरतूद नीट लक्षात ठेवावी, कारण सर्व कागद पूर्ण असलेला एक पती पुढे जातो आणि त्याच्यामागून आलेल्या पत्नीकडे प्रवेश परवाना नसतो. अँटेग्रियात परत पाठवल्यास आपला जीव जाईल, असे ती सांगते. नियमाने ती अपात्र आहे आणि तिच्यासाठी अपवादाचा कोणताही अर्ज उपलब्ध नाही. तिला आत सोडले तर नोंदीत एक चूक जमा होते. म्हणून त्या दिवशी ती येईपर्यंत केवळ समज मिळण्याच्या दोन्ही संधी शिल्लक राहतील अशा बेताने, आधीच्या प्रत्येक अर्जदाराचे कागद दोनदा तपासावेत.