कोड देणं वेगळं, ट्रान्सफर मंजूर करणं वेगळं

कुडाळात आमचं छोटं ऑफिस आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडचे होमस्टे आणि देवगडचे आंबा बागायतदार यांची डोमेनं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, आम्ही सांभाळतो. आमच्याकडून दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे) जाणाऱ्या डोमेनांच्या मंजुरीसाठी एक टूल आहे, त्याची मराठी माहितीपुस्तिका सध्या मी लिहितोय. त्यात सगळ्यात जास्त वेळ गेला तो दोन शब्दांवर, कारण ऑफिसातली पोरं दोन्ही कामांना ‘ट्रान्सफर दिली’ असंच म्हणतात.

कोड देणं सोपं. ग्राहक मागतो, आपण डोमेनचं लॉक काढतो आणि ट्रान्सफर कोड देतो. डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमानुसार मागितल्यापासून ५ दिवसांत तो द्यावाच लागतो. कोड दिला म्हणून डोमेन जागचं हलत नाही. ग्राहकाने तो वापरलाच नाही, तर काहीच होत नाही.

मंजुरीची वेळ येते ती तो कोड नव्या रजिस्ट्रारकडे टाकल्यावर. डोमेन ‘पेंडिंग ट्रान्सफर’मध्ये जातं आणि आमच्या टूलच्या यादीत एक ओळ उगवते, तिच्यापुढे दोन बटणं: ‘मंजूर’ आणि ‘नाकार’. डॉट कॉमला यासाठी ५ दिवस मिळतात. त्या ५ दिवसांत कोणी काहीच दाबलं नाही, तर ट्रान्सफर रद्द होत नाही, ती पुरी होते.

हे पचायला जड जातं. पण जमिनीचा व्यवहार पाहिलेल्या माणसाला मी फेरफाराची नोटीस आठवायला सांगतो. खरेदीखत झाल्यावर तलाठ्याची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. मुंबईतल्या चाकरमान्याने ती नोटीस वाचलीच नाही, म्हणून नोंद काही अडून राहत नाही. इथेही तसंच. हरकत घ्यावी लागते.

गेल्या मे महिन्यात आमच्याकडूनच ही चूक झाली. तारकर्लीच्या एका होमस्टेवाल्या काकांनी फोन करून सांगितलं, ‘भाच्याने डोमेन हलवायला घेतलंय, जाऊ देऊ नका.’ कोड भाच्याकडे आधीपासून होता, लॉकही काढलेलं होतं. आमच्या मुलाने यादीतली ओळ पाहिली आणि ‘मंजूर’ दाबलं नाही. एवढं पुरे, असं त्याला वाटलं. सहाव्या दिवशी डोमेन गेलेलं होतं. काका ऑफिसात येऊन एवढंच म्हणाले, ‘मी तुमका सांगितलेलंय मां, जाऊक देव नकात म्हणान?’ मला उत्तर सुचलं नाही. भाचा गणपतीला गावी आला, तेव्हा समोरासमोर बसून ते परत मिळालं. त्या दिवशी खरं करायचं काम होतं ते काकांची लेखी हरकत मेलवर घेऊन मुदतीत ‘नाकार’ दाबण्याचं.

अर्थात ‘नाकार’ही मनाला येईल तेव्हा दाबता येत नाही. फसवणुकीचा पुरावा, मालकाची लेखी हरकत, मागच्या मुदतीचे थकलेले पैसे अशी ठरावीक कारणं लागतात. ग्राहक आपल्याला सोडून चाललाय, हे कारण होऊ शकत नाही. हे वाक्य मी पुस्तिकेत ठळक अक्षरांत घातलंय.

टूलच्या नोंदींत आणखी एक फसवा शब्द आहे. ट्रान्सफर झाल्यावर तिथे कधी ‘क्लायंट अप्रूव्ड’ दिसतं, कधी ‘सर्व्हर अप्रूव्ड’. पहिल्या मसुद्यात मी ‘क्लायंट’चं ‘ग्राहक’ करून मोकळा झालो होतो. ते साफ चूक. ईपीपी ही रजिस्ट्रार आणि रजिस्ट्री यांच्या संगणकांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत; रजिस्ट्री म्हणजे डॉट कॉमसारख्या शेवटाच्या सगळ्या डोमेनांची मूळ नोंद ठेवणारी संस्था. ईपीपीच्या भाषेत क्लायंट म्हणजे रजिस्ट्रार आणि सर्व्हर म्हणजे रजिस्ट्री. म्हणजे पहिल्या नोंदीचा अर्थ, रजिस्ट्रारच्या बाजूने कोणीतरी बटण दाबलं. दुसरीचा अर्थ, रजिस्ट्रीने स्वतःच मंजुरी दिली, आणि ती बहुतेक वेळा मुदत उलटल्यावरच. काकांच्या डोमेनपुढे दुसरी नोंद होती. मग भांडण झालं तर ‘आम्ही मंजुरी दिलीच नव्हती’ हे आमचं म्हणणं शब्दशः खरं ठरतं आणि तरीही ग्राहकाच्या काही कामाचं नसतं.

म्हणून पुस्तिकेत ‘ट्रान्सफर दिली’ हा शब्दप्रयोग मी काढून टाकलाय. ‘कोड दिला’ किंवा ‘मंजूर केली’, यांपैकीच एक लिहायचं. ‘मंजूर’ बटणाखाली आता एक ओळ आहे: ‘हे दाबल्यास डोमेन ५ दिवस न थांबता जाईल. न दाबल्यास मुदत संपल्यावर जाईल. थांबवायचं असेल तर लेखी हरकत घ्या आणि नाकार दाबा.’