व्यवसायोपचार: लकवा, मेडिकल आणि भांडी घासणारा प्राध्यापक

विदर्भात पक्षाघात, अर्धांगवायू हे शब्द केसपेपरवरच राहतात. घरात म्हणतात, 'लकवा मारला'. त्यावरचे घरगुती उपायही ठरलेले: तेलमालिश, शेक, आणि कुणी कबुतराचे रक्तसुद्धा चोळते. अशा घरातल्या माणसाला नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, 'ओटीला दाखवा' म्हटले, की तो आधी ऑपरेशन थिएटर शोधू लागतो. ही ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामे करवून घेत लुळे हातपाय पुन्हा कामाला लावणारा उपचार. मराठी नाव विचारावे तर 'व्यवसायोपचार'. मग वाटते, इथे काहीतरी धंदा शिकवत असतील. हा गैरसमज अगदीच बिनबुडाचा नाही, कारण या विद्येची सुरुवात खरोखरच कारागिरीतून झाली.

तिला ऑक्युपेशनल थेरपी हे नाव दिले जॉर्ज बार्टन या अमेरिकी वास्तुविशारदाने. क्षय, मग हिमदंशाने पायाला गँगरीन, शस्त्रक्रिया आणि त्यानंतर शरीराची डावी बाजू लुळी; दुखण्यांची रांगच त्याच्यामागे लागली होती. सुतारकाम आणि बागकाम करत तो पुन्हा उभा राहिला. १९१७ मध्ये क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी, त्याच्या घरी, सहा जणांनी या विषयाची पहिली संस्था काढली. त्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली आणि जखमी सैनिकांच्या निमित्ताने ही विद्या इस्पितळांत शिरली. माग, टोपल्या, रंधा ही तेव्हाची औषधपेटी. कोष्ट्यांच्या आणि हलबांच्या हातमागांवर वाढलेल्या नागपूरला त्यातले मर्म समजावून सांगायला नको. धोटा इकडून तिकडे जाताना दोन्ही हात, डोळे आणि खाली पाय एका तालात चालावे लागतात.

भारतात हे रोप लावले कमला निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी विभाग उभा केला आणि १९५० मध्ये प्रशिक्षणाची शाळा काढली. १९५२ मध्ये व्यवसायोपचाराचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता. मुंबईपाठोपाठ अशी शाळा निघाली ती नागपुरात. त्यामागे शहराचा इतिहास आहे. मध्य प्रांत-वऱ्हाडाची राजधानी म्हणून १९४७ मध्ये इथे मेडिकल कॉलेज सुरू झाले होते, आणि १९५६ मध्ये राजधानीपण गेले तरी ते कॉलेज राहिले. पुढे २००२ च्या कायद्याने महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार (फिजिओथेरपी) यांची स्वतंत्र परिषद झाली. तरी लोकांच्या तोंडी आजही फक्त 'फिजिओ' आहे.

सुरुवातीच्या काळात या उपचाराकडे पोलिओ, कुष्ठरोग, अपघातात हातपाय गमावलेले असे रुग्ण जास्त येत. लकव्याच्या रुग्णाकडे पाहण्याची नजर बदलली ती नंतर. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. १९५९ मध्ये न्यूयॉर्कमधले कवी आणि प्राध्यापक पेद्रो बाक-इ-रिता यांना पासष्टाव्या वर्षी लकव्याचा झटका आला. आता काही होणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. मेक्सिकोत वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या त्यांच्या मुलाने, जॉर्जने, वडिलांना बाळासारखे रांगायला लावले आणि भांडी घासायला बसवले. चांगल्या हाताने भांडे धरायचे, लुळा हात आत गोल फिरवायचा, आधी एका दिशेने, मग उलट. ते पुन्हा शिकवू लागले. मृत्यूनंतर शवविच्छेदनात मेंदूचा बिघाड तसाच दिसला. म्हणजे काम दुसऱ्या वाटेने झाले होते. जॉर्जचा भाऊ पॉल पुढे मेंदूच्या या लवचीकतेचाच संशोधक झाला.

दरम्यान स्वीडनमध्ये जन्मलेल्या भौतिकोपचारतज्ज्ञ सिग्ने ब्रुन्स्ट्रॉम यांनी लुळ्या अंगात हालचाल परत येण्याचे सहा टप्पे मांडले. मधल्या टप्प्यात कोपर वाकते, मूठ आवळते. घरचे घाबरतात, पण हात पुढच्या टप्प्याकडे चालल्याची ती खूण असू शकते. १९६५ मध्ये, रुग्ण रोजची कामे स्वतः किती करतो हे मोजणारा बार्थेल निर्देशांक आला. जेवण, अंघोळ, कपडे, जिना अशा दहा गोष्टींना मिळून शंभर गुण. त्यात ना तांब्या-बादली, ना जमिनीवर बसून जेवणे, ना उकिडवे बसण्याचा संडास. ही भर इथल्या ओटीवाल्यांनाच घालावी लागते. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी, हे ते शिकवतात. उजवी बाजू गेली तर प्रश्न आणखी नाजूक. डाव्या हाताने जेवायला म्हातारी माणसे तयार होत नाहीत, म्हणून सून किंवा लेक भरवते. त्या मायेतच हात बसून जातो.

लकव्यात मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन १९९० च्या दशकात आले. ते झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. नागपूरला रुग्ण येतात ते गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याकडूनही. आधी गावातला डॉक्टर, मग तालुका, मग गाडीची जुळवाजुळव. बऱ्याच जणांची ती वेळ वाटेतच निघून जाते. त्यांच्यासाठी उरतो तो हाच संथ उपचार, आणि तोही सुट्टी झाल्यावर गावी, ओसरीवर. म्हणून निघताना दिलेल्या कागदावर यंत्रांची नावे नसतात. तांदूळ निवडणे, कणीक मळणे, पंचा पिळणे, नाडी बांधणे, असले काहीतरी लिहिलेले असते. नातेवाईक तो उलटसुलट करून पाहतात आणि विचारतात, 'अन् गोळ्या कुठी हायेत?'