उजनीत बुडालेल्या गावाचा जुना आकाशफोटो कसा मिळवायचा?

उजनीच्या पाण्याखाली गेलेलं गावठाण वरून कसं दिसायचं, ते बघायची सोय आहे, आणि बऱ्याचदा फुकटात. अमेरिकेच्या ‘कोरोना’ हेर उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेले आठ लाखांहून अधिक फोटो १९९५ मध्ये खुले झाले. उजनीचं काम पूर्ण झालं १९८० मध्ये. म्हणून पाणी चढण्याआधीचा भीमाकाठ शोधायचा तो इथेच.

पात्रता? कोणीही. आधार, सातबारा, धरणग्रस्ताचा दाखला, काहीच लागत नाही. यूएसजीएस या अमेरिकी सरकारी संस्थेच्या ‘अर्थएक्सप्लोरर’ संकेतस्थळावर ई-मेल देऊन मोफत खातं उघडायचं. वापर कशासाठी, असे दोन-चार प्रश्न विचारतात. एजंट पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

खरी मेख शोधण्यात आहे. गावाचं नाव टाकलंत तर नकाशा पुनर्वसित गावावर जाऊन थांबतो. पळसदेवचंच घ्या: जुनं पळसनाथाचं देऊळ जलाशयात आहे, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघडं पडतं. तेव्हा नाव न टाकता जलाशयातल्या जुन्या जागेवरच खूण करा. मग ‘डेटा सेट’च्या यादीत ‘डीक्लासिफाइड डेटा’ (खुले केलेले जुने गुप्त फोटो) निवडा. तारीख नोव्हेंबर ते मार्चची बघा, पावसाळ्यातल्या फ्रेममध्ये, म्हणजे फिल्मवरच्या एकेका फोटोत, ढगच ढग. शक्यतो १९६७ नंतरच्या, कोरोनाच्याच केएच-४बी कॅमेऱ्याच्या फ्रेम धरा. त्यांत सुमारे दोन मीटरपर्यंतचा तपशील उमटतो, म्हणजे मोठी विहीर, वाडा, गाडीवाट ओळखू येते. डाउनलोडआधी छोटी प्रतिमा उघडून आपला भाग स्वच्छ आहे ना, हे बघाच.

फ्रेम आधीच स्कॅन झालेली असेल तर लगेच उतरवता येते. नसेल तर फ्रेममागे ३० डॉलर शुल्क, आंतरराष्ट्रीय व्यवहार चालणाऱ्या कार्डाने. एकदा स्कॅन झाली की ती पुढे सगळ्यांनाच मोफत, त्यामुळे वर्गणी काढायला हरकत नाही.

फाइल मोठी असते, फोटो लांबट पट्टीचा आणि कडांना ताणलेला. क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो नकाशावर बसवावा लागतो. त्यासाठी न बुडालेल्या खुणा घ्या: टेकडी, जुना रस्ता, काठावरचं देऊळ. घरं कोणाची हे फोटो सांगत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या गाव नकाशाची नक्कल काढा आणि गावातल्या म्हाताऱ्यांना दोन्ही एकत्र दाखवा. जमिनीच्या वादात मात्र हा फोटो मालकीचा कागद म्हणून चालणार नाही.